प्राथमिक शिक्षकास पदवी हवी काय?

बेळगाव जिल्ह्याच्या चिक्कोडी तालुक्यात दूधगंगेच्या काठी सदलगा हे गाव वसले आहे. नदी ओलांडली की कोल्हापूर जिल्ह्याची हद्द लागते व दत्तवाड येते. म्हणजे अलीकडच्या काठावर कर्नाटक आणि पलीकडच्या काठावर महाराष्ट्र. ऊस मात्र दोन्ही काठांवर सारखाच उभा असतो, आणि बाजारात कन्नड व मराठी या दोन्ही भाषा एकाच तोंडातून सहज निघतात. बारावीचा निकाल लागला, की दोन्ही काठांवरच्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. अलीकडच्या काठावर बारावीला पी.यू.सी. म्हणतात, एवढाच काय तो फरक. मुलीला प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हावयाचे आहे. तिने आता काय करावे?

घरातील जाणत्या माणसाचे उत्तर ठरलेले असते. आधी बी.ए. करावे, मग बी.एड. करावे. बी.एड. झालेल्यास पहिलीपासून दहावीपर्यंत कोठेही शिकविता येते. मोठ्या परीक्षेच्या पोटात लहान परीक्षा आलीच! हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो आणि कित्येक वर्षे त्यात तथ्यही होते. आज मात्र तो चुकीचा आहे. त्यापायी तीन वर्षे पदवीची व दोन वर्षे बी.एड.ची अशी पाच वर्षे खर्ची पडतात, आईबापांचा पैसा जातो, आणि पहिलीच्या वर्गाचे दार बंदच राहते. म्हणून या विषयातील नेमका नियम कोणता व तो तसा का आहे, हे समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला. त्याच्या २३ व्या कलमाने शिक्षकांची किमान अर्हता ठरविण्याचे काम एका अखिल भारतीय संस्थेकडे सोपविण्याची तरतूद केली, आणि ते राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे आले. परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी अधिसूचना काढली. पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी तीत मुख्य अट अशी आहे : बारावीला किमान ५० टक्के गुण, त्यानंतर प्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका, आणि शिक्षक पात्रता परीक्षेत यश. राखीव वर्गांतील उमेदवारांस गुणांत ५ टक्क्यांपर्यंत सवलत आहे. या पदविकेलाच आता दोन्ही राज्यांत डी.एल.एड. म्हणतात. महाराष्ट्रात जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘डी.एड.’ हेच नाव आहे, तर सदलग्याकडील निवृत्त शिक्षक आपण ‘टी.सी.एच.’ असल्याचे सांगतात. नावे निरनिराळी असली तरी वस्तू एकाच जातीची.

येथे विद्यापीठाच्या पदवीचा उल्लेखच नाही, हे ध्यानात घ्यावे. पदवीधराने पदविका घेतली तर त्याला कोणी अडवीत नाही. परंतु पहिली ते पाचवीसाठी पदवीची सक्ती नाही. ती सक्ती येते सहावी ते आठवीच्या वर्गांना. तेथे बी.ए. किंवा बी.एस्‌सी. आणि त्याबरोबर डी.एल.एड. अथवा बी.एड., असा नियम आहे. शिवाय पात्रता परीक्षेची दुसरी प्रश्नपत्रिका. कर्नाटक शासनाने २०२२ साली १५,००० पदवीधर प्राथमिक शिक्षकांची भरती हाती घेतली, ती याच सहावी ते आठवीसाठी. वरच्या वर्गांसाठी विषयाचे ज्ञान अधिक लागते, म्हणून तेथे पदवी. आणि खालच्या वर्गांसाठी मुलाचे ज्ञान अधिक लागते, म्हणून तेथे पदविका, असा हा विभाग आहे.

मग बी.एड.विषयीचा समज आला कोठून? तो अगदीच निराधार नव्हता. २०१० च्या अधिसूचनेत बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीसाठी काही मुदतीपुरती वाट ठेवलेली होती. ती मुदत संपली. पुढे २८ जून २०१८ रोजी परिषदेने ती वाट पुन्हा उघडली : बी.एड. झालेल्याची प्राथमिक शाळेत नेमणूक करावी, आणि नेमणुकीनंतर दोन वर्षांच्या आत त्याने सहा महिन्यांचा एक जोडअभ्यासक्रम पुरा करावा. हजारो तरुणांनी या आधारावर आपले बेत आखले. राजस्थानात यावरून दावा उभा राहिला. तेथील उच्च न्यायालयाने २०२१ साली ती अधिसूचना रद्द ठरविली, आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पुढे एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की त्या तारखेपूर्वी रीतसर नेमणूक झालेल्यांच्या नोकऱ्या जाणार नाहीत. परंतु तेथून पुढे ही वाट बंद. ज्यांनी शासनाच्या शब्दावर विसंबून बी.एड. केले आणि ज्यांची नेमणूक तोवर झाली नव्हती, त्यांची यात कुचंबणा झाली हे खरेच आहे. नियम पाच वर्षे एक आणि सहाव्या वर्षी दुसरा, असा खेळ तरुणांच्या आयुष्याशी व्हावयास नको होता.

निकालामागील विचार मात्र पटण्याजोगा आहे. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की बी.एड.चे शिक्षण माध्यमिक वर्गांसाठी योजलेले असते. लहान मुलांना शिकविण्याचे कसब त्यात दिलेले नसते. आणि मुलांचा हक्क नुसत्या शिक्षणावर नसून चांगल्या शिक्षणावर आहे.

हे कसब म्हणजे काय, असा प्रश्न एखादा पदवीधर विचारील. पहिली-दुसरीत असे आहे तरी काय, जे एम.ए. झालेल्या माणसास येत नाही? त्याचे उत्तर सदलग्यासारख्या गावात चटकन सापडते. दुसरीतील मुलाला ‘पस्तीस’ लिहावयास सांगावे. पुष्कळ मुले ५३ लिहितात. मूल मठ्ठ नसते. त्याने कानाने ऐकले तेच हाताने लिहिले. पस्तीस या शब्दात पाच आधी येतात व तीस मागून. ‘एकोणतीस’ ऐकून मूल ३९ लिहिते, कारण त्याच्या कानी शेवटी ‘तीस’च पडलेले असतात, एक उणे करावयाचे आहे हे त्या शब्दातील ‘एकोण’ त्याला अजून सांगत नाही. आता हेच मूल घरी कन्नड बोलणारे असेल तर? कन्नडात पंचवीसला ‘इप्पत्तैदु’ म्हणतात, म्हणजे वीस आणि पाच. एकोणतीसला ‘इप्पत्तोंबत्तु’, म्हणजे वीस आणि नऊ. कानाला जो क्रम ऐकू येतो तोच पाटीवर उमटतो. असे मूल मराठी शाळेत आले की घरची संख्या आणि शाळेतील संख्या एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहतात. आणि घरी मराठी बोलणारे मूल कन्नड शाळेत गेले तर अडचण उलट्या बाजूने येते.

ज्या शिक्षकास हे ठाऊक आहे, तो दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधून मुलापुढे ठेवतो. तीन जुड्या व पाच सुट्या काड्या मोजून घेतो, मग त्यांना नाव देतो, आणि अंक सर्वांत शेवटी लिहून घेतो. ज्यास ठाऊक नाही, तो चूक उत्तरावर लाल रेघ ओढतो. बीजगणितात विशेष योग्यता मिळविलेला माणूसही या जागी चुकू शकतो. कारण ही अडचण गणिताची नव्हे, ती सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मनाची व भाषेची आहे.

या प्रश्नावर महाराष्ट्रात एक वादळही उठून गेले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘तीस दोन’ अशा तऱ्हेची संख्यावाचनाची रीत दिली गेली. जुनी नावे काढलेली नव्हती. जोडीला ही सोपी रीत ठेवली होती. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी तिचे समर्थन केले : दशक आधी उच्चारला तर मुलांना सोपे जाते, आणि दक्षिणेकडील भाषांत तसेच उच्चारतात. विधिमंडळात व वर्तमानपत्रांत मराठीवर आघात झाल्याची टीका झाली, थट्टाही झाली. भाषेचा अभिमान ठीकच आहे. परंतु त्या वादात दुसरीचा वर्ग प्रत्यक्ष शिकविणाऱ्या शिक्षकाचा आवाज फारसा ऐकू आला नाही. सीमेवरच्या शिक्षकाला विचारले असते, तर त्याने दोन्ही रीती एकाच वर्गात रोज नांदताना दाखविल्या असत्या.

प्राथमिक शिक्षकाची पात्रता कशात आहे, हा प्रश्न मराठी मुलखात जुनाच आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात त्यांनी प्राथमिक शाळांतील पंतोजींवर सडकून टीका केली आहे. बहुतेक शिक्षक प्रशिक्षणाशिवायचे असतात, आणि ज्या कुणब्यांच्या मुलांना ते शिकवितात त्यांच्यात ते मिसळत नाहीत, हे त्यांचे गाऱ्हाणे. शिक्षक शिकवून तयार केलेला असावा. शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा. प्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास न लाजणारा असावा. आणि त्याला बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावी तर पंधरा-वीस रुपये मिळावेत, असे त्यांनी सुचविले. ज्या काळी पुस्तकी विद्वत्तेचा एवढा मान होता, त्या काळी त्यांनी शिक्षकाची परीक्षा तो मुलांच्या जवळ किती जातो यावरून करावी असे सांगितले, ही लहान गोष्ट नव्हे.

त्यानंतर पुष्कळ वर्षे मुंबई इलाख्यात, म्हणजे तेव्हाच्या बेळगाव जिल्ह्यातही, सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा हीच मास्तरकीची किल्ली होती. ‘व्ह. फा.’ झालेला मुलगा आधी शाळेत लागे, आणि नशीब असेल तर पुढे ट्रेनिंग कॉलेजात जाई. तेथील एका, दोन वा तीन वर्षांच्या दाखल्यावर त्याची प्रतिष्ठा ठरे. गावचे टपालही पुष्कळदा याच मास्तरांकडे असे, आणि पत्र लिहून देणे व वाचून दाखविणे हे काम तर बिनपगारीच असे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी खेड्यापाड्यांतून शाळा काढावयाचे ठरविले, तेव्हा इमारतींहून आधी शिक्षक घडविले पाहिजेत हे त्यांनी ओळखले, आणि १९३५ साली साताऱ्यास प्राथमिक शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न देशपातळीवर मांडला तो १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने. प्राथमिक शिक्षकाने माध्यमिक शिक्षण पुरे केलेले असावे व त्यावर दोन वर्षांचे प्रशिक्षण घेतलेले असावे, ही त्या आयोगाची शिफारस. आजच्या नियमाचे मूळ तेथे दिसते. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे. त्यांचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. शिक्षण धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात झाले, आणि धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या खेड्यात त्यांनी ग्रामसुधारणेचे काम केले. या सीमेच्या दोन्ही बाजूंचे पाणी प्यालेला माणूस देशाच्या शिक्षणाचा आराखडा लिहीत होता, ही गोष्ट या भागातील शाळांतून मुलांना सांगितली जाते की नाही कोण जाणे.

आता सदलग्याचा खास प्रश्न. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि चंदगड वगळता बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याला १९७३ साली कर्नाटक हे नाव मिळाले. सीमावाद पुढे महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालातून गेला, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. शिक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच. पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ साली, घटनेत ३५०-अ हे कलम घालण्यात आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते सांगते. त्याआधीच १९४९ साली प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक सोपे माप ठरविले होते : शाळेत एका भाषेची ४० किंवा एका वर्गात १० मुले असली, तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. म्हणजे शिक्षकाची भाषा ही त्याच्या आवडीनिवडीची बाब राहिली नाही. ती त्याच्या पात्रतेचा भाग झाली.

पात्रता परीक्षेत हे स्पष्ट दिसते. पहिली ते पाचवीची प्रश्नपत्रिका १५० गुणांची : बालविकास व अध्यापनशास्त्र ३०, पहिली भाषा ३०, दुसरी भाषा ३०, गणित ३० आणि परिसर अभ्यास ३०. उत्तीर्ण होण्यास ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. यातील पहिली भाषा ही शिकविण्याच्या माध्यमाची भाषा. कर्नाटकाच्या परीक्षेत पहिल्या भाषेच्या यादीत मराठी आहे. महाराष्ट्राच्या परीक्षेच्या यादीत कन्नड आहे. सीमेवरच्या उमेदवारास ही मोठीच सोय होय. परंतु अलीकडच्या काठावर नोकरी करावयाची तर कन्नड टाळून चालत नाही. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने सर्व शाळांतून कन्नड शिकविणे आवश्यक केले आहे, आणि महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने मराठीच्या बाबतीत तसेच केले आहे. सदलग्याच्या मराठी शाळेतील शिक्षिकेस मुलांशी मराठीत आणि कचेरीशी कन्नडात व्यवहार करावा लागतो. दोन्ही भाषा बरोबर घेऊन जगणे या गावास नवे नाही. जैन आचार्य विद्यासागर १९४६ साली येथेच जन्मले. शिक्षण कन्नडात झालेल्या त्या मुलाने पुढे ‘मूकमाटी’ हे महाकाव्य हिंदीत लिहिले.

नदीच्या कोणत्या काठावर पदविका घ्यावी, हा विचार मात्र आधी करावा लागतो. अर्हतेचे मानदंड देशभर एकच असल्याने मान्यताप्राप्त पदविका दोन्हीकडे पदविकाच असते. तथापि पात्रता परीक्षा प्रत्येक राज्याची निराळी, आणि भरतीची रीतही निराळी. महाराष्ट्रात पात्रता परीक्षेवर आणखी एक अभियोग्यता चाचणी द्यावी लागते, आणि निवड झाली तरी पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर काढावी लागतात. प्राथमिकसाठी हे मानधन २०२३ साली महिना ६,००० वरून १६,००० रुपये झाले. एका राज्याच्या परीक्षेचे यश दुसऱ्या राज्यात आपोआप धरले जाईल असे समजू नये. जाहिरातीतील अर्हतेचा परिच्छेद स्वतः वाचावा. शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबून राहू नये.

नोकरीत असलेल्यांनाही या परीक्षेने आता गाठले आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे, अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांच्या आत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना निवृत्तीपर्यंत मोकळीक आहे, पण परीक्षेवाचून बढती नाही. वीस-पंचवीस वर्षे शिकविलेल्या माणसाने नवशिक्याबरोबर बसून पर्यायांवर खुणा कराव्यात, हे अनेकांना झोंबले. त्यात अपमान वाटण्यासारखे काही आहे खरे. आणि वर्गातील कसब अशा खुणांनी मोजता येते, असे परीक्षा घेणारेही छातीठोकपणे म्हणणार नाहीत.

आणि पदवी? ती येऊ घातली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने असे योजले आहे, की २०३० पर्यंत शाळेतील सर्व शिक्षकांची किमान अर्हता चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी व्हावी. बारावीनंतर थेट चार वर्षे, त्यात विषयही आणि अध्यापनही. आजच्या तीन अधिक दोन वर्षांच्या मार्गापेक्षा एक वर्ष वाचते. हा अभ्यासक्रम २०२३ पासून काही निवडक संस्थांत सुरू झाला असून प्रवेशासाठी राष्ट्रीय परीक्षा असते. कल्पना नवी नव्हे. दिल्ली विद्यापीठाने १९९४ सालीच केवळ प्राथमिक शिक्षकांसाठी चार वर्षांची पदवी काढली होती. फिनलंडात तर १९७० च्या दशकापासून प्राथमिक शिक्षकाचे शिक्षण विद्यापीठात गेले, आणि तेथे आज एम.ए.च्या तोडीची पदवी लागते. तिकडील पदवी ही शिक्षणशास्त्राचीच असते, आणि मूल कसे शिकते हाच तिचा मुख्य विषय असतो.

सदलग्याच्या मुलीला यात एक फायदा आहे आणि एक धोका. पदवी मिळाली तर पुढील शिक्षणाची व बढतीची दारे तिला उघडी राहतील. पदविकेवर थांबलेल्या आधीच्या पिढीला ती बंद झालेली दिसत होती. उलट, दोन वर्षांची पदविका बऱ्याचदा तालुक्याच्या गावी राहून, घरातून ये-जा करून पुरी होत असे. चार वर्षांचा अभ्यासक्रम मोठ्या शहरात, वसतिगृहात राहून आणि राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा देऊन करावयाचा, तर शेतमजुराच्या आणि तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाईच्या मुलीपैकी किती जणी तेथवर पोहोचतील? फुल्यांना हवा होता तसा, मुलांच्याच घरांतून आलेला शिक्षक मिळण्याची वाट या अटीने अरुंद होऊ नये, म्हणून असे अभ्यासक्रम चिक्कोडी-निपाणीसारख्या ठिकाणी, आणि मराठी व कन्नड या दोन्ही माध्यमांतून, निघाले पाहिजेत.

तोपर्यंत नियम आहे तो असा : पहिली ते पाचवीसाठी बारावी, डी.एल.एड. व पात्रता परीक्षा. यंदा पी.यू.सी. झालेल्या मुलीने बी.ए.ला नाव घालण्यापूर्वी डी.एल.एड.च्या प्रवेशाच्या तारखा पाहाव्यात. संस्थेला अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे का, हे विचारून घ्यावे. आणि अर्जात माध्यमाचा रकाना येईल तेथे जरा थांबावे. पदवी तिला नोकरी करता करता, बाहेरून परीक्षेला बसूनही घेता येईल.